हातोडीचा टेकू

"चाक अडवायची खास पिन तालुक्यालाही मिळायची नाही, बुवा," दिलावर मेस्त्री म्हणाला. बुवांच्या गाडीचा झिजलेला टायमिंग बेल्ट बदलताना तो ज्यावर फिरतो ते दातेरी चाक जरा जरी हललं, तर इंजिन बाद. आणि पाचला बुवांचं कीर्तन उभं राहायचं होतं.

त्याने सोबतच्या तबलजींची तबला सुरात लावायची हातोडी मागून घेतली आणि तिचा दांडा चाकाच्या भोकात ठोकला. चाक घट्ट बसलं.

"परत द्या हं," तबलजींनी तीनदा बजावलं. दिलावर वैतागला. श्वास रोखून त्याने नवा बेल्ट चढवला, ताणला आणि चावीला हात घातला.

"मेस्त्री, माझी हातोडी?"

"अहो, देतो की. पळून का..." त्याला एकदम आठवलं. हातोडी अजून चाकातच होती.

चावी फिरवली असती, तर इंजिनच मोडलं असतं. त्याने चावीवरचा हात हळूच काढला.

बुवा हसले. "तबलजी, तुमच्या चिकटपणालाही आज दंडवत."