पहिला घास

जमनीने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्यावर दोन्ही तळहात दाबून धरले.

“थांबा जी. कोनी खाऊ नोका.”

दिग्रसच्या शाळेच्या पटांगणात रानभाजी महोत्सव भरला होता. मंडपाच्या तोंडावर ‘रानातली विषमुक्त थाळी’ असा फलक होता. तरोट्याच्या भाजीसाठी रांग लागली होती, पण अजून एकाही ताटात भाजी पडली नव्हती. रांगेत सगळ्यांच्या पुढे महोत्सव भरवणाऱ्या शीलाताईच उभ्या होत्या.

“काय हो जमनीबाई, सगळी तांड्यावर परत न्यायची का?” त्या म्हणाल्या. “की तुमचा तो पहिला घास राहिलाय?”

लोक हसले. मघाशी जमनीनेच माइकवर घरची रीत सांगितली होती. रानातली भाजी शिजली की पहिला घास खुडणारीचा, मग इतरांचा. सासूने घालून दिलेली रीत. सासूच्या काळी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भीती असायची ती सापाची. हिरव्या पानाला कोणी कधी भ्यालं नव्हतं.

जमनी हसली नाही. तिच्या पाठीमागे आत्ताच तिचा मुलगा बादल तांड्यावरच्या देवसिंगला सांगत होता, “काल सांजच्याले तननाशक मारलं धुऱ्याले. तन लय माजलं होतं.”

तिची नजर निंबाच्या झाडाकडे गेली. तिथे खुर्ची टाकून तिची सून जया बसली होती. लाऊडस्पीकर कानाशीच गात होता, तिला इकडचं काही ऐकू येत नव्हतं.

“याडी, काय झालं?” बादल आईजवळ आला.

“धुऱ्याले औषध मारलं तू?”

“अवं, त्याच्यासाठी भेली काय?” बादलला हसू फुटलं. “वरचा धुरा सोडला ना मी! तुह्या तरोट्यासाठी. दरसाल तू तिथूनच तं खुडते. औषध मारलं ते नाल्याकडच्या धुऱ्याले.”

रांगेने श्वास सोडला. ताटं पुन्हा पुढे आली.

“घ्या, पोराला आईची काळजी आहे हो,” शीलाताई म्हणाल्या. “वाढा आता.”

जमनीच्या तळहातांना चटके बसत होते. तिने झाकण सोडलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“काहून रडून राह्यली?” बादलचा आवाज उतरला.

“यंदा मी नाही गेली, बापू. गुडघे उचलत नाहीत. तू पहाटीच मंडप बांधाले आलता, तुले मालूम नाही. जया गेलती भाजीले. मीच म्हनलं तिले, सातवा महिना हाय, चढाव चढू नोको. नाल्याकडचीच खुड.”

शीलाताईंनी ताट खाली ठेवलं. मागची ताटंही एकेक करून खाली गेली. बादल पातेल्याकडे पाहत राहिला. मग त्याला रीत आठवली.

“याडी… पहिला घास?”

जमनीने मान वळवली. निंबाखालून जया दोघांकडे पाहून हसत होती, आणि रिकामी वाटी हलवून आणखी भाजी मागत होती.