मालकाचं बटण

सेल्समननं नव्या गाडीचं मागचं दार उघडून धरेपर्यंत दादा जागचा हलला नाही. मग हातातली काठी धाकट्या भावाच्या हातात कोंबून तो आत शिरला, मालकाच्या सीटवर टेकला आणि त्यानं नाक मुरडलं.

"वास बघ कसला येतोय. जुन्या चपलेसारखा."

"चामडं आहे, दादा. आपल्या गाडीतही चामडंच आहे."

"आपल्या गाडीला आपल्या गाडीचा वास आहे."

पंपांचा कारखाना दोघांच्या भागीदारीतला. चालवायचा धाकटा, मिरवायचा दादा. गाडी कारखान्याच्या नावावर, त्यामुळे ती बदलायची तर दादाचा होकार हवा होता. तो आज मिळाला नाही तर पुढे कधी नवी गाडी आलीच तरी ती जुन्या गाडीच्याच कंपनीची असणार, हे ठरलेलं. दादाच्या लेखी मोठी गाडी बनवावी ती त्या कंपनीनंच. बाकीचे भाड्याच्या गाड्या बनवतात, असं तो चारचौघांत सांगायचा.

त्या जुन्या गाडीत मागच्या दाराशी एक बटण होतं. मागे बसलेल्या मालकाला पाय पसरावेसे वाटले की ते दाबायचं. पुढची सीट आपोआप पुढे सरकायची. दादाचे पाय आखूड. तरी गाडी फाटकाबाहेर पडली की बटण दाबलं जायचंच, आणि पुढे बसलेल्या धाकट्याचे गुडघे समोरच्या खणाला टेकायचे. त्याला आपल्या बाजूचं बटण दाबून सीट मागे घेता आली नसती असं नाही. पण दादानं पुढे ढकललेली सीट मागे घेण्याची त्या घरात छाती कोणाची? ड्रायव्हर बिचारा रस्त्याकडे बघत राहायचा.

इतकी वर्षं धाकट्यानं ते गिळलं. पण परवा मागे दादाच्या शेजारी धाकट्याचाच नवा जावई बसला होता. सीट घरघरत पुढे गेली, सासऱ्याचे गुडघे पोटाशी आले, आणि जावई खिडकीकडे तोंड करून हसला. लेकीच्या नवऱ्यापुढे अशी शोभा! त्याच दिवशी धाकट्यानं मनाशी खूणगाठ बांधली. तोंडावर तो दादाला अजून अहो म्हणायचा. मनात केव्हाच अरेवर आला होता.

"पण बदलायची कशाला?" दादा आतून म्हणाला. "ती गाडी काय खायला मागते?"

"तुम्ही सर्व्हिसचं बघा ना. त्यांच्याकडे दर वेळी रखडावं लागतं. ही खड्ड्यात कमी आदळते. आवाजही कमी करते."

"आवाज तुझाच जास्त असतो."

सेल्समन हसला, आणि दोघांचे चेहरे बघून त्यानं हसू आवरलं. मग घाईनं म्हणाला, "साहेब, मागच्या सीटला मसाजसुद्धा आहे."

"मला गाडी घ्यायचीय. हाडवैद्य नको."

धाकटा काठी धरून दाराशी उभा होता. त्याचं सगळं लक्ष दादाच्या हाताकडे. बोलता बोलता तो हात सवयीनं दाराकडे गेला आणि चाचपू लागला. काचेचं बटण सापडलं, पडद्याचं सापडलं. मग हात पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. इतका थंडावा धाकट्याच्या जिवाला कित्येक दिवसांत मिळाला नव्हता. शोध म्हणावं, शोध अजून!

"इथं ते नाही?" दादानं विचारलं.

"कुठलं, साहेब?"

"पुढची सीट सरकवायचं."

"या गाडीला नाही, साहेब. पुढची सीट पुढे बसणाराच सरकवतो." सेल्समननं कौतुकानं धाकट्याकडे बोट केलं. "यांनी तर पहिल्यांदा आले तेव्हा आधी तेच विचारलं होतं."

धाकट्याचे कान तापले. सेल्समन मात्र आपण मोठं काम केल्यासारखा उभा होता.

दादानं हात मांडीवर घेतला. आता तो भडकणार, खाली उतरणार, काठी हिसकावून चालू लागणार, अशी धाकट्याची अटकळ होती. दादाला ऐकवायचं ते सगळं त्यानं घरून घोकून आणलं होतं, आणि आज ऐकवायचंच होतं. पण दादा भडकला नाही. त्यानं भावाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर खुशी पसरली.

"घे," तो म्हणाला. "हीच घे. माझी हरकत नाही."

धाकट्याचं घोकलेलं सगळं वाया गेलं. "खरंच?"

"अरे, मी उगाच धास्तावलो होतो. मला वाटलं, तुला मागे बसायचंय म्हणून गाडी बदलतोयस."

"चला तर मग, एक चक्कर मारून येऊ," सेल्समन म्हणाला आणि लगबगीनं ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसला. "बसा साहेब, बसा."

मागे दादाच्या शेजारची सीट मोकळी होती. धाकटा तिच्याकडे बघत क्षणभर तसाच उभा राहिला. दादानं हात लांब करून काठी मागून घेतली आणि त्या मोकळ्या सीटवर आडवी ठेवली.

"दार लाव," तो म्हणाला.

धाकट्यानं दार लावलं. पुढचं दार उघडून तो बसला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं बटण दाबून सीट मागे घेतली. पाय पसरायला जागा भरपूर होती.