चातुर्मासाचा नेम

"आई, यंदा चातुर्मासात काय सोडणार?" सुनेनं विचारलं.

"वांगं," कुमुदताईंनी पळीनं हातावर पाणी घेत सांगितलं. वांगं त्यांना कधीच आवडलं नव्हतं, आणि हे देवालाही ठाऊक होतं.

हसत सून देव पुसायला बसली आणि किंचाळली, "अहो आई, बाळकृष्णाला मुंग्या लागल्यात!"

मुंग्यांची रांग मूर्तीमागे लपवलेल्या खोकल्याच्या औषधापर्यंत जात होती. खोकला दिवाळीतच गेला होता, औषध तेवढं राहिलं होतं. आधी चमचा, मग टोपण, हल्ली सरळ बाटली तोंडाला. दुकानदार रोखून बघू लागला, तेव्हा त्यांनी दुकान बदललं आणि नव्या दुकानात खोकूनही दाखवलं.

"हे कुणाचं?"

"देवाचं," असं अगदी ओठांवर आलं होतं. नाहीतरी त्याच्यावर चोरीचे आळ नवे नव्हते. पण सुनेपायी सकाळपासून एक घोटही मिळाला नव्हता, आणि हातातली पळी थरथरून पाणी सांडत होती. दोघींनीही ते पाहिलं.

"वांगं राहू दे, हेच सोडते," कुमुदताई हळूच म्हणाल्या. "पण एकटीनं नाही जमायचं गं. डॉक्टरांकडे तू चल बरोबर. हा मेला दिवाळीपासून नुसता बघत बसलाय."