रक्त दाखवणारा दिवा

व्हर्लिनने आणखी एक दिवा कपाळावर चढवला आणि दुकानामागच्या अंधाऱ्या कोठीत शिरला. खुराकाच्या पोत्यांवर हिरवा उजेड पडला. त्याने डोकं हलवलं, बाहेर येऊन दिवा गल्ल्यावर ठेवला. तिथे आधीच दिव्यांचा ढीग झाला होता.

"बायको पसंत करायला एवढा वेळ लावला नव्हतास," दुकानदार डेल्बर्ट म्हणाला. "तुला हवंय तरी काय?"

"रक्त दिसलं पाहिजे."

"मग पांढरा घे. तुझ्या त्या लाल दिव्याने जनावर बुजत नाही हे खरं, पण लाल उजेडात रक्त काय दिसणार? काय मारलंस?"

"कोल्हा. काल रात्री खुराड्यामागे आला होता. गोळी लागली, पण ओढ्याकडे पळाला."

"मग सकाळीच का नाही गेलास मागावर?"

"तंबाखू वाळायला टांगायचा होता."

तंबाखू टांगायचा होता हे खोटं नव्हतं. पण तो काही पळून जाणार नव्हता. दिवसभर कोठारातल्या उंच फळीवर उभं राहून व्हर्लिनने पानं टांगली आणि ओढ्याकडे एकदाही तोंड केलं नाही. गोळीनंतर जे ओरडणं ऐकू आलं, ते कानातून जात नव्हतं. कोल्हाही ओरडतो तसा, असं तो रात्रीपासून स्वतःला बजावत होता. तरी मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

तो पांढरा दिवा घेऊन पुन्हा कोठीत गेला. उजेड पडताच पोत्याआडून डेल्बर्टच्या मांजरीने अर्धं तोंड बाहेर काढलं. एक डोळा चमकला. व्हर्लिन जागीच थांबला. काल रात्रीही असा एकच डोळा दिसला होता. जनावर आडवं उभं असलं की एकच दिसतो, त्यात विशेष काही नाही.

दुकानाच्या दाराची घंटा वाजली. ओढ्यापलीकडची इमोजीनमावशी आत आली. बूट चिखलाने भरले होते आणि स्वेटरला काटेरी बिया चिकटल्या होत्या.

"एखादा दिवा दे रे, डेल्बर्ट. लांबवर जाईल असा. सार्जंट रात्रीपासून घरी नाही."

"म्हातारा कुत्रा तो, कुठे गेला आता हिंडायला?"

"काय माहीत. रात्री बाहेर सोडला, तो परत आलाच नाही. सकाळपासून वरचं रान पालथं घातलं. उन्हात झुडपाखाली पडलेला कुत्रा दिसत नाही, अंधारात निदान डोळा तरी चमकेल त्याचा."

"दोन चमकले तर तो सार्जंट नव्हे," डेल्बर्ट म्हणाला.

"तेच तर, एकच डोळा राहिलाय त्याला. भेटेल त्याला सांगत सुटलेय, एकच डोळा दिसला तर बाबांनो, हात आवरा." तेवढ्यात तिला कोठीच्या दारातला व्हर्लिन दिसला. "बरं झालं भेटलास. तुझ्याकडे नाही ना आला? म्हातारपणी ओढा ओलांडायचा नाही तो, म्हणून तिकडे आलेच नाही मी."

"नाही," व्हर्लिन म्हणाला.

त्याच्या कपाळावरचा दिवा तसाच चालू होता, तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

"तुझ्या मामांच्या माघारी दाराशीच पडून असायचा," मावशी म्हणाली. तिच्या नवऱ्याला अख्खी दरी मामा म्हणायची. "पण आवाज तसाच होता हो, खणखणीत."

"तो आवाज कोण विसरेल," डेल्बर्ट म्हणाला. "आपल्याकडचे बाप्ये घरातल्या घरात बायकोची हाक ऐकत नाहीत, पण रात्री रॅकूनच्या शिकारीत दोन दऱ्यांपलीकडे कोणाचा कुत्रा भुंकतोय ते बरोबर सांगतात."

मावशी हसली आणि ढिगातला एक दिवा उचलून बघायला लागली. तिची बोटं बटण शोधत होती आणि ते तिला सापडत नव्हतं.

"मावशी," व्हर्लिन म्हणाला. "वरच्या रानात नका जाऊ."

"मग?"

"माझ्या खुराड्यामागून ओढ्याकडे उतरायचं. तिथे बघायला पाहिजे."

"तू बघितलंस त्याला?"

"लाल दिव्यात. एकच डोळा होता. मला कोल्हा वाटला."

डेल्बर्टने गल्ल्यावरचे दिवे उगाच इकडचे तिकडे केले. मावशीने हातातला दिवा खाली ठेवला. तो नीट बसेना, म्हणून तिने तो दुसऱ्या दिव्याला टेकवून ठेवला.

"गोळीनंतर ओरडला?"

"हो."

"पळाला?"

"पळाला. कदाचित असेल अजून. म्हणून तर मी दिवा घ्यायला आलो."

"ओरडला, आणि तुला आवाज ओळखू आला नाही."

व्हर्लिनने कपाळावरचा दिवा काढून हातात घेतला. त्याच सार्जंटच्या आवाजामागे तो मामांबरोबर कितीतरी हिवाळे रानोमाळ फिरला होता.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला. "हा पांढरा दिवा चांगला आहे. यात रक्त दिसतं."

मावशी दारापर्यंत गेली होती. बाहेर सूर्य कड्याआड उतरला होता, पण ओढ्याकडची झाडं अजून वेगवेगळी दिसत होती. तिने दार उघडून धरलं.

"आज दिवसभर ऊन होतं, व्हर्लिन," ती म्हणाली.