काठोकाठ तळं

"बाई, हे चित्र तुम्ही जागेवर बसून काढलंत?" बिल्डरच्या वकिलांनी विचारलं.

"हो."

"आणि त्या दिवशी पाणी या पायऱ्यांपर्यंत होतं?"

चित्रकलेच्या निवृत्त बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. समोरच्या टेबलावर त्यांचं चित्र ठेवलेलं. काठोकाठ भरलेलं तळं, कडेला दगडी पायऱ्या. बिल्डरचं म्हणणं, तिथं तळं कधी नव्हतंच, पहिल्यापासून सपाट माळ. जुना नकाशा कचेरीत सापडत नव्हता. आता तिथं इमारती होत्या, आणि तळ्यात जाणारं पाणी दर पावसाळ्यात बाईंच्या भावाच्या गल्लीत, घराघरांत शिरत होतं. साऱ्या गल्लीची भिस्त या एका चित्रावर होती.

मागच्या बाकावरून भाऊ टक लावून बघत होता. आत येतानाच त्यानं बजावलं होतं, "ताई, नुसतं हो म्हण. उगाच फाटे फोडू नकोस."

बाईंनी चित्रातल्या पायऱ्यांकडे पाहिलं. लहानपणी त्या याच पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसायच्या. चित्र काढलं तेव्हा मात्र...

"हो की नाही, बाई?"

"नाही."

भावानं कपाळावर हात मारला. बिल्डर खुर्चीत आरामात रेलला.

"म्हणजे पाणी यांच्या मनातलं!" वकील न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, मला आणखी काही विचारायचं नाही."

"माझं सांगून व्हायचंय अजून." बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "पाणी आठवणीतलं आहे. त्या दिवशी ते मागे हटलं होतं, कारण भराव चालू होता. डंपर येत होते, माती ओतून जात होते. ते मी चित्रातून गाळले. बघवत नव्हते."

"कुणाचे डंपर?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दारांवर यांचंच नाव होतं."

बिल्डर सावरून बसला. वकील ताडकन उठले. "साहेब, चित्रात एकही डंपर नाही!"

"नाहीच," बाई म्हणाल्या. "जिथं जिथं डंपर होता, तिथं मी बगळा काढला."

न्यायाधीशांनी चष्मा सारखा केला आणि चित्र जवळ ओढलं.

"किती डंपर होते, आठवतं?"

"बगळे मोजा, साहेब."