कल्ले उघडणारा माणूस

दापोलीत मला नवे चित्रकार शोधून काढणारा माणूस म्हणून ओळखतात. ही ओळख मीच सगळ्यांना करून दिलेली आहे.

यंदा मला इन्स्टाग्रामवर हर्णे बंदरातली माणसं रेखाटणारं एक निनावी खातं सापडलं. त्यातलं एक पात्र तर अफलातून होतं. कपाळावर चष्मा, काखेत छत्री. प्रत्येक माशाचा कल्ला उघडून बघतो, भाव विचारतो आणि शेवटी सुकट घेऊन घरी जातो. मी ते चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'असा एक नमुना प्रत्येक गावात असतोच.' बायकोने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

चित्रकार कोण, ते शोधायला मला महिना लागला. मासळी विकणाऱ्या गोदामावशीची मुलगी, तन्वी. गोदामावशीकडे मी पंधरा वर्षं मासे बघतोय. टोपलीमागे वही घेऊन बसलेली ही पोरगी कॉलेजचा अभ्यास करते, असंच मला वाटायचं.

त्याच संध्याकाळी बंदरावर गेलो. काखेतली छत्री सावरत सवयीने एक सुरमई उचलली, तिचा कल्ला उघडला आणि म्हटलं, "तन्वी, तुला मीच शोधून काढलं बरं का. आता फक्त त्या चित्रातल्या माणसाशी माझी गाठ घालून दे."

गोदामावशीने पदर तोंडाला लावला. तन्वीने वहीचं कोरं पान काढलं.



"काका, हलू नका. कल्ला तसाच उघडा धरा. गेल्या वेळी बोटं चुकली होती माझी."