मताची कमाई

"कोणाले खरं वाटणार नाही, पण आमच्या प्रफुलले नुसतं मत सांगाचे पैसे भेटतात." संग्रामपूरला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा फराळाची बशी हातात घेऊनच मी सुरुवात केली. बीटी कपाशीलाही बोंडअळी खायला लागली, तेव्हापासून शेतीतल्या पोराला कोणी मुलगी देत नाही. नातू प्रफुल पस्तिशीला टेकला. थोडं चढवून सांगावंच लागतं.

"कंपन्या याले मोबाइलवर विचारतात, साबण कोणता बरा, चहा कोणता कडक. हा उत्तर देते अन् पॉइंट जमा होतात. मागच्या साली एका टूथपेस्टचा रंग यानंच बदलवला. पॉइंट इतके झाले का चिखलीचा टॅक्सवाला वकील म्हणे, आबाजी, हे बी उत्पन्नच आहे, रिटर्नमधी दाखवा लागते. दाखवलं. कपाशीवर टॅक्स नाही, पण याच्या मतावर आहे."

मुलीच्या वडिलांनी कौतुकानं प्रफुलकडे पाहिलं. प्रफुलनं मान खाली घातली.

समोर बसलेल्या मुलीनं, कांचननं, पाण्याचा ग्लास प्रफुलपुढे सरकवला. तिनं त्याला विचारलं, "त्या सर्वेमधी काम काय लिहिता तुम्ही?"

त्याच्याआधी मीच बोललो, "शेती. त्याच्यात लपवाचं काय?"

"मंग नाही भेटत पैसे, आबाजी," ती हळूच म्हणाली. "मी बी भरून पाह्यले ते सर्वे. घरचं काम शेती लिहिलं का पुढचा प्रश्नच येत नाही. तुमचं मत नको म्हणते, अन् बंद होते."